नेवाशाच्या दफनातील धागा : प्रागैतिहासिक देहावशेष आणि वस्त्र यांच्या साक्षीविषयी

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासे हे गाव मराठी वाचकास ज्ञानेश्वरीच्या संबंधाने परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकास मात्र त्याची ओळख निराळी आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, शां. भा. देव, झ. दा. अन्सारी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात व पुढे १९५९ ते १९६१ या हंगामांत येथे उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे थर उघडकीस आले, आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली बालकांची दफनेही सापडली. त्यांतील एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी गंजून हिरवे पडले होते. माळ ज्यात ओवली होती तो धागा मात्र मण्यांच्या छिद्रांतून अंशतः शिल्लक राहिला होता. तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या दख्खनमधील मनुष्याने वळलेला धागा प्रत्यक्ष हाती यावा, हा योग इतका दुर्मिळ आहे की, त्या एका धाग्याच्या आधारे काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, याचा विचार सावकाशीने केला पाहिजे.

प्रथम तो धागा टिकलाच कसा, हे पाहणे इष्ट होईल. प्राचीन देहावशेष आणि वस्त्रे यांविषयीचे आपले सारे ज्ञान हे वस्तुतः मातीच्या मर्जीवर अवलंबून आहे. हाड हे मुख्यतः चुन्याच्या क्षाराचे बनलेले असते. माती आम्ल असेल तर ते विरघळते, चुनखडीयुक्त असेल तर दीर्घकाळ टिकते. लोकर, रेशीम, केस, कातडे ही द्रव्ये प्रथिनांची बनलेली असतात. त्यांना सौम्य आम्ल सोसते, परंतु अल्क त्यांचा नाश करतो. कापूस, जवस यांसारखे वनस्पतिजन्य तंतू काष्ठद्रव्याचे असतात. त्यांना आम्लाचे वावडे असते, आणि ओलसर व हवेशीर मातीत सूक्ष्म जंतू त्यांचा फडशा पाडतात. म्हणजे जी भूमी हाडे जपते ती बहुधा वस्त्रे जपत नाही, आणि जी लोकरीचे वस्त्र जपते ती हाडे गिळून टाकते. यास्तव निरनिराळ्या देशांतील प्रागैतिहासिक मनुष्य आपल्यापुढे निरनिराळ्या रूपांत अपुरा उभा राहतो.

डेन्मार्कमधील एग्ट्वेड येथील उदाहरण या दृष्टीने नेवाशाच्या जोडीस ठेवण्याजोगे आहे. १९२१ साली तेथील एका कांस्ययुगीन थडग्यात ओकच्या खोडाची शवपेटिका सापडली. ते झाड इ. स. पू. १३७० मध्ये तोडले गेले, हे खोडातील वार्षिक वलयांवरून निश्चित झाले आहे. पेटिकेत सोळा ते अठरा वर्षांची एक मुलगी होती. तिची आखूड बाह्यांची लोकरीची चोळी, दोऱ्यांच्या झालरीचा आखूड घागरा, कमरेवरील कांस्याची चकती, अंगावरील लोकरीचे पांघरूण व खालचे गुरांचे कातडे हे सारे टिकले. केस, नखे, दात राहिले, परंतु हाडे पार विरून गेली. नेवाशाची आणि तिच्या शेजारच्या खोऱ्यांतील वसाहतींची जोर्वे संस्कृती ही साधारण याच शतकांतली. तेथे वस्त्र राहिले व देह गेला, येथे देहाची हाडे राहिली व वस्त्र गेले. एकाच काळातील या दोन मानवसमूहांची तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाने ही विषमता क्षणभरही विसरता कामा नये. डॅनिश कांस्ययुगातील लोक उत्तम विणकर होते आणि दख्खनमधील लोक अर्धवस्त्र होते, असा समज केवळ मातीच्या गुणधर्मातून निर्माण होऊ शकतो, व तो काही जुन्या ग्रंथांतून डोकावतोही.

दलदलीतील देहांची कथा आणखी उद्बोधक आहे. हुल्ड्रेमोसे येथे १८७९ साली सापडलेल्या लोहयुगीन स्त्रीच्या अंगावर लोकरीचा चौकडीचा घागरा, गळपट्टा आणि कातड्याच्या आवरणवस्त्रांचा जोड होता. तिने आत वनस्पतिजन्य तंतूचे वस्त्र नेसले असावे असे दिसते. पण ते दलदलीच्या आम्लात नाहीसे झाले आणि त्याच्या विणीच्या खुणा तेवढ्या कातडीवर उमटून राहिल्या. ज्या ठिकाणी वस्त्रे उत्तम टिकली असे आपण म्हणतो, तेथेही ती निम्मीच टिकलेली असतात. आल्प्स पर्वतातील हिमनदीत १९९१ च्या सप्टेंबरात सापडलेला ‘ओत्झी’ हा सुमारे पाच सहस्र तीनशे वर्षांपूर्वीचा पुरुष हा या नियमाला मोठा अपवाद होय, कारण हिमाने आम्ल, अल्क आणि जंतू या सर्वांनाच एकदम थोपवले. त्याचा अंगरखा शेळी व मेंढी यांच्या कातड्यांचे तुकडे जोडून शिवलेला, पायांतील आवरणे शेळीच्या कातड्याची, टोपी तपकिरी अस्वलाची व बाणांचा भाता हरणाच्या कातड्याचा होता, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणावरून सिद्ध झाले. पाळीव आणि रानटी जनावरांची अशी सरमिसळ कोणत्याही हाडावरून कळली नसती.

आपल्याकडे हिम नाही आणि पीट दलदलही नाही. कोकणपट्टीत तर स्थिती याहून प्रतिकूल आहे. मुंबईच्या उत्तरेस मीरा-भाईंदरच्या परिसरात एका अंगास वसईची खाडी व मिठागरे, दुसऱ्या अंगास डोंगर, आणि वर्षातून चार महिने धुवाधार पाऊस. ओले व सुके, खारे व गोडे यांचा असा आलटून पालटून मारा सोसून धाग्याचा तुकडा सहस्रावधी वर्षे टिकणे जवळजवळ अशक्यच. या पट्ट्यात प्राचीन मनुष्य नव्हता असे मात्र नव्हे. भाईंदरच्या दक्षिणेस काही मैलांवर कांदिवली येथे के. आर. यू. टॉड यांनी अश्मयुगीन हत्यारे गोळा केली आणि त्यांवरील निबंध १९३९ साली प्रसिद्ध केला. तथापि हाती येतो तो दगड. तो दगड ज्या हाताने घडवला त्या हातावर कातडे होते, वल्कल होते की काहीच नव्हते, याविषयी किनाऱ्यावरील माती मौन पाळते. देहावशेषांसाठी सह्याद्री ओलांडून गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीकडेच वळावे लागते.

ती काळी जमीन चुनखडीच्या खड्यांनी युक्त, म्हणजे अल्कधर्मी असते. ती हाडे बऱ्यापैकी राखते, परंतु रेशमासारख्या प्रथिनतंतूचा तेथे निभाव लागू नये. मग नेवाशाचा धागा कसा राहिला? त्याचे श्रेय तांब्याला आहे. धातू गंजू लागला की त्याचे क्षार लगतच्या तंतूंत शिरतात. हे क्षार सूक्ष्म जंतूंना विषारी असल्यामुळे कुजण्याची क्रिया थांबते, आणि काही प्रसंगी तर तंतूचे मूळ द्रव्य जाऊन त्याच्या जागी धातूचे क्षार तंतूचाच आकार घेऊन बसतात. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा याच न्यायाने वाचला. त्या तुकड्याचे परीक्षण मुंबईत माटुंगा येथील, १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस-तंत्र प्रयोगशाळेत जेम्स टर्नर आणि अ. ना. गुलाटी यांनी केले. तो कापूसच आहे व त्यास मंजिष्ठाचा रंग दिलेला आहे, असा निर्णय त्यांनी दिला. सिंधुसंस्कृतीत कापसाची लागवड व रंगकाम होते या आज सर्वमान्य झालेल्या विधानाचा उगम मुंबईच्या एका उपनगरातील सूक्ष्मदर्शकाखाली आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते.

नेवाशाचा धागाही याच गुलाटींकडे गेला. त्यांचे टिपण डेक्कन कॉलेजने १९६१ साली इतर तांत्रिक अहवालांसमवेत प्रसिद्ध केले. धागा रेशमाचा असून त्यात कापसाच्या तंतूंच्या बारीक गुठळ्या, गिरणीच्या भाषेत ज्यांना ‘नेप’ म्हणतात त्या, गुंतलेल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी चांडोली येथे १९६० मध्ये झालेल्या उत्खननात अशाच तांब्याच्या मण्यांना लागून राहिलेला धागा मिळाला. तो जवसाच्या वाखाचा, संस्कृत ग्रंथांत ज्याला क्षौम म्हटले आहे त्या जातीचा, ठरला. त्याचे टिपण १९६५ च्या चांडोली-अहवालात आहे. म्हणजे एकाच संस्कृतीच्या दोन गावांत मिळून रेशीम, कापूस आणि जवस या तिन्ही तंतूंची साक्ष उपलब्ध झाली. या वसाहतींतून सापडलेल्या भाजक्या मातीच्या चात्यांवरून सूतकताई चालत होती हे आधीच अनुमानता येत होते. काय कातले जात होते, याचे उत्तर चाती देऊ शकत नव्हती.

येथे दोन शंका उपस्थित होतात व दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, रेशीम ही चीनची विद्या, ती इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात दख्खनच्या एका खेड्यात कशी पोचावी? या शंकेमुळे नेवाशाचा निर्णय पुष्कळ काळ एकाकी व काहीसा संशयास्पद मानला गेला. २००९ साली मात्र आयरीन गुड, जे. एम. केनोयर आणि आर. एच. मेडो यांनी हडप्पा व चन्हुदडो येथील धाग्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेले परीक्षण प्रसिद्ध केले. इ. स. पू. २४५० ते २००० या दरम्यानचे ते तंतू रानटी रेशीमकिड्यांचे, म्हणजे आपल्याकडील टसर आदी जातींचे असल्याचे त्यांनी दाखवले. हडप्पाचे तंतू तांब्याच्या मिश्रधातूच्या तारेच्या अलंकारांना लागून, तर चन्हुदडोचे बारीक मण्यांच्या छिद्रात वाचले होते. नेवाशाच्या माळेशी याचे साम्य सांगावयास नको. तेव्हा नेवाशाच्या रेशमासाठी चीनपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. टसराचा किडा ऐन-अर्जुनाच्या पानांवर पोसणारा, मध्य भारताच्या रानातला आहे. तथापि नेवाशाचा तंतू टसरच होता, असे आजच म्हणणेही उतावळेपणाचे होईल. गुलाटींचे परीक्षण साध्या सूक्ष्मदर्शकाने झालेले होते. किड्याची जात ठरवण्यास आता उपलब्ध असलेली प्रथिनविश्लेषणाची रीत त्यांच्या काळी नव्हती.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. माळेचा दोरा म्हणजे वस्त्र नव्हे. रेशमाचा दोरा वळता येत असे, एवढ्यावरून रेशमी लुगडे नेसले जात असे हे सिद्ध होत नाही. ‘कौशेय’ हा शब्द पाणिनीस ठाऊक होता, परंतु पाणिनी आणि नेवाशाचे ते बालक यांच्यामध्ये अनेक शतके आहेत, आणि उत्तरकालीन शब्दांचे वस्त्र पूर्वकालीन देहास नेसवणे हा आपल्याकडील विद्वत्तेचा एक जुना दोष आहे. फार तर असे म्हणता येईल की, ज्या धाग्यात रेशमासमवेत कापसाच्या गुठळ्या आल्या, तो धागा वळणाऱ्या हाताजवळ दोन्ही द्रव्ये होती. कापूस गुंतला तो हेतुपुरस्सर की कताईच्या जागेवरील उडत्या पिंजाऱ्यामुळे, हे एका नमुन्यावरून ठरणार नाही. दुसरा पर्याय खरा असला तर तो अधिकच बोलका आहे, कारण त्यावरून कापूस पिंजण्या-कातण्याचे काम त्या घरी नित्याचे होते असे सूचित होईल.

वस्त्रांविषयी इतकी काटकसर करणारी काळी जमीन हाडांविषयी मात्र उदार आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून सुमारे बारा हंगाम चाललेल्या उत्खननात सांकलिया, अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांना दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य बालकांची आहेत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवावयाचे व त्यांत मृत बालकाचा देह ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच ते पुरावयाचे, ही रीत जोर्वे संस्कृतीच्या गावांत सर्वत्र दिसते. प्रौढांना उत्तरेस मस्तक करून उताणे पुरले जाई, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने पळून जाऊ नये किंवा पिशाच होऊन परतू नये म्हणून असे केले असावे, हे स्पष्टीकरण इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की ते आता पुराव्याच्या दर्जास पोचले आहे. वस्तुतः पुरावा तोडलेल्या पावलांचा आहे, हेतूचा नाही. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला जो देह मिळाला त्याची पावले शाबूत होती. तो सुमारे चाळिशीचा पुरुष असून गावचा प्रमुख असावा, असे उत्खननकारांचे मत आहे. नियमाला अपवाद करण्याइतका मान कोणास तरी होता, एवढे तर त्यातून निश्चित दिसते.

या अस्थींचा शास्त्रीय अभ्यास जॉन लुकाच आणि सु. रा. वाळिंबे यांनी करून १९८६ साली त्याचा स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला. त्यातील दातांचे प्रकरण विशेष वाचनीय आहे. दात हा शरीरातील सर्वांत टिकाऊ भाग, शिवाय त्याचे कवच एकदा बनले की पुन्हा बदलत नाही. ते बनत असताना बालक आजारी पडले वा त्याची उपासमार झाली, तर कवचावर खळगा वा रेघ उमटते आणि ती आयुष्यभर राहते. इनामगावच्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवर असे दोष आढळले. दुधाच्या दातांची घडण गर्भावस्थेत सुरू होऊन जन्मानंतरच्या पहिल्या वर्षाच्या आसपास पुरी होते. तेव्हा ही साक्ष बालकाइतकीच त्याच्या मातेच्या पोषणाविषयीही आहे. दात किडण्याचे प्रमाण धान्यभोजी, शेती करणाऱ्या समाजास साजेसे आहे. इनामगावचे मुख्य पीक सातू होते, हे जळक्या धान्यांवरून आधीच ठाऊक झाले होते, आणि धान्य व दात या दोन स्वतंत्र साक्षींचा येथे मेळ बसतो.

याच बालकांवरून पुढे मोठा वाद निर्माण झाला. इनामगावची वस्ती माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन कालखंडांतून गेली व इ. स. पू. ७०० च्या सुमारास संपुष्टात आली. उत्तर काळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी याचे कारण पर्जन्यमानातील घट हे दिले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालकांची हाडे पुन्हा मोजली. दातांवरून वय ठरवावयाचे आणि त्या वयास हाडाची वाढ किती झाली आहे ते पाहावयाचे, अशी ही रीत. उत्तर काळातील बालकांची वाढ खुंटलेली दिसते, हा त्यांचा निष्कर्ष होय, परंतु एका आकस्मिक दुष्काळाने सर्व ओढवले ही सोपी उपपत्ती त्यांनी स्वीकारली नाही. आधीच अनिश्चित असलेल्या हवामानात लोकांनी कोणती जीवनरीत पत्करली, यावर त्यांचा भर आहे. या वादाचा निकाल काहीही लागो, तो केवळ खापरांच्या आधारे लढला गेला असता तर त्यात उपाशी माणसाचा उल्लेख आला नसता. एक सावधगिरी मात्र येथे अवश्य बाळगावी. दफनांत सापडणारी बालके ही जी वाचली नाहीत ती बालके होत. जी वाढून मोठी झाली त्यांच्या बाळपणीच्या हाडांची गाठ आपणांस कधीच पडत नाही.

हाडांतील जनुकद्रव्याचा आजकाल मोठा बोलबाला आहे. उष्ण हवामानात ते झपाट्याने नष्ट होते. राखीगढी येथील साठाहून अधिक नमुन्यांपैकी अवघ्या एका स्त्रीच्या अस्थींतून उपयोगी जनुकसंच मिळू शकला व तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दख्खनच्या काळ्या जमिनीकडून याहून अधिक औदार्याची अपेक्षा करण्यास आधार नाही. नव्या पद्धतींचे निष्कर्षही निर्विवाद नसतात. एग्ट्वेडची मुलगी परदेशातून आलेली होती असा शोध स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या परीक्षणावरून २०१५ साली गाजला. पुढे २०१९ मध्ये आक्षेप निघाला की, तुलनेसाठी घेतलेली स्थानिक मोजमापे शेतात टाकलेल्या आधुनिक चुन्याने बिघडलेली असावीत. शंभर वर्षे जगाने पाहिलेल्या मुलीचे गाव कोणते हेदेखील असे अनिश्चित राहू शकते.

दायमाबाद येथे सा. अ. साळी यांच्या उत्खननात कच्च्या विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यात एक प्रौढाचे दफन मिळाले. त्याच्या कवटीवर व मांडीच्या हाडाखाली तंतुमय वनस्पतीचे अवशेष होते. देह बहुधा त्या वनस्पतीने आच्छादलेला होता. तेथे तांबे नव्हते, तरीही खुणा दिसल्या, कारण पाहणाऱ्याची नजर हाडाच्या कडेच्या मातीवरही होती. उलट, सापडलेला तांब्याचा मणी वा कडे तत्काळ आम्लात बुडवून लखलखीत करण्याची रीत पूर्वी सर्रास होती, आणि त्या हिरव्या पुटाबरोबर किती धागे, किती विणींचे ठसे वाहून गेले असतील त्याची मोजदाद नाही. क्षेत्रावर जाणाऱ्या विद्यार्थ्याने दफनातील कोणतीही तांब्याची वस्तू साफ करण्यापूर्वी भिंगाखाली धरावी, छिद्रांतील माती टोकरून टाकू नये, आणि वस्तू कोणत्या बाजूने देहास टेकली होती याची नोंद जागच्या जागी करावी. नेवाशाच्या माळेतील मणी घासले गेले असते तर आपल्याजवळ आज तांब्याचे काही मणी असते. दख्खनमधील रेशमाविषयी लिहिण्यासारखे मात्र काही नसते.